फेअरलेत्सन : लागणे, दुखावणे आणि बाधणे

प्रश्न : माझी मुलगी परिचारिका आहे. जर्मनीत नोकरीसाठी जायचे असल्याने ती सध्या जर्मन भाषेच्या बी-वन पातळीच्या परीक्षेचा अभ्यास करत आहे. तिच्या वहीत ‘फेअरलेत्सन’ या क्रियापदापुढे एके ठिकाणी ‘जखमी करणे’, दुसऱ्या ठिकाणी ‘मन दुखावणे’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘कायदा मोडणे’ असे अर्थ लिहिलेले मला दिसले. ‘मी पडलो आणि मला लागले’ हे सांगताना जर्मन माणूस ‘मी मला जखमी केले’ असे म्हणतो, हे तर फारच चमत्कारिक वाटले. तिच्या एका वर्गमित्राचे म्हणणे असे की, या शब्दात ‘लेत्स्ट’ म्हणजे ‘शेवटचा’ हा शब्द दडलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘शेवटास नेणे’, म्हणजे ठार मारणे, असा होता. हे खरे आहे काय? आणि एकाच क्रियापदाला इतके अर्थ कसे चिकटले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्गमित्राला दोन शब्दांमधले नाते बरोबर जाणवले, पण त्याने ते चुकीचे लावले. ‘फेअरलेत्सन’मधला ‘लेत्सन’ आणि ‘शेवटचा’ या अर्थाचा ‘लेत्स्ट’ ही एकाच घराण्यातली चुलत भावंडे आहेत. त्यांतला एक शब्द दुसऱ्यापासून निघालेला नाही. दोघांचा मूळपुरुष म्हणजे ‘मंद, सुस्त, थकलेला’ या अर्थाचे एक जुने जर्मानिक विशेषण. त्याचे तमभाववाचक रूप म्हणजे ‘सर्वांत मंद’. जो सर्वांत मंद तो सर्वांच्या मागून येणार, म्हणून ‘लेत्स्ट’ला ‘शेवटचा’ हा अर्थ आला. इंग्रजीतले ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लास्ट’ म्हणजे शेवटचा हे शब्दही याच रीतीने एकमेकांचे लागतात. त्याच विशेषणावरून जे क्रियापद तयार झाले, त्याचा अर्थ होता ‘मंद करणे, थोपवून धरणे, खोळंबून ठेवणे’. आपले ‘लेत्सन’ ते हेच. ठार मारण्याचा त्याच्याशी मुळात काहीही संबंध नव्हता.

या क्रियापदाचा फार जुना आणि स्पष्ट दाखला गॉथिक या जर्मनच्या नात्यातल्या, आता लोपलेल्या भाषेतल्या बायबलात सापडतो. हे भाषांतर वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने चौथ्या शतकात केले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या हा याजक मंदिरात गेलेला असतो, बाहेर लोक वाट पाहत असतात आणि त्याला आत इतका वेळ कशाने लागला याचे त्यांना आश्चर्य वाटते. त्या ‘कशाने खोळंबवले’ला वुल्फिलाने ‘लातिदेदी’ हे रूप वापरले आहे. येथे इजा नाही, रक्त नाही, दुखणेही नाही; केवळ एका माणसाला झालेला उशीर आहे.

‘लात’चे ‘लेत्स’ कसे झाले, हेही थोडक्यात सांगतो. जुन्या रूपात ‘त’नंतर ‘य’ होता. त्या ‘य’च्या ओढीने आधीचा ‘अ’ बदलून ‘ए’ झाला आणि ‘त’चे द्वित्व झाले, पुढे दक्षिणेकडील जर्मन बोलींत जो मोठा व्यंजनबदल घडला, त्यात त्या द्वित्त ‘त्त’चा ‘त्स’ झाला. इंग्रजीला तो व्यंजनबदल लागलाच नाही. म्हणून इंग्रजी ‘सेट’ला जर्मनमध्ये ‘झेत्सन’ म्हणतात, ‘हार्ट’ला ‘हेर्त्स’ आणि ‘टेन’ला ‘त्सेन’. याच हिशेबाने ‘लेत्सन’चा इंग्रजी जोडीदार ‘लेट’ असायला हवा, आणि तो आहेही. मात्र हा ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’ नव्हे. तो ‘अडवणे’ या अर्थाचा, आता जवळजवळ वापरातून गेलेला शब्द आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की पंच ‘लेट’ म्हणतो, तो बहुतेक कोशकारांच्या मते हाच. आणि आपल्या कन्येचा पासपोर्ट घरात असेल तर तो उघडून पाहावा. त्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली आहे, तिच्यात या व्यक्तीला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’, म्हणजे आडकाठी न करता जाऊ द्यावे, असे शब्द आहेत. ज्या शब्दाने आपल्याला कोड्यात टाकले, त्याचा सख्खा भाऊ असा आपल्याच कपाटात आहे.

आता मुख्य प्रश्न असा की ‘खोळंबवणे’पासून ‘जखमी करणे’पर्यंत हा शब्द पोचला कसा. प्राचीन आणि मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘लेत्सन’ला ‘अडवणे’ आणि ‘नुकसान पोचवणे’ असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिसतात. चालत्या गोष्टीला अडवले की तिचे बिघडते, आणि ज्या शरीराला काही झाले ते चालायचे थांबते. हे दोन अनुभव इतके लागून आहेत की शब्दाला एकाकडून दुसऱ्याकडे सरकायला फारसे कष्ट पडत नाहीत. मराठी वाचकाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नसावी, कारण आपल्याकडे ‘बाधा’ हा शब्द तंतोतंत हेच करतो. कार्यात बाधा येते तेव्हा अडथळा येतो. विषबाधा होते तेव्हा शरीराला अपाय होतो. रात्री खाल्लेले काही ‘बाधते’, शेत ‘पूरबाधित’ असते, आणि ज्याच्या आड कोणी येऊ शकत नाही तो हक्क ‘अबाधित’ राहतो. संस्कृतातील ‘बाध्’ धातूलाच दाबणे, अडवणे आणि पीडा देणे असे अर्थ आहेत. जर्मन शब्दाशी याचे रक्ताचे नाते नाही, हे स्पष्ट करतो. नाते आहे ते केवळ वळणाचे. तरीही ‘फेअरलेत्सन’चा स्वभाव कळून घ्यायचा असेल, तर माझ्या मते ‘जखमी करणे’पेक्षा ‘बाधणे’ हाच शब्द मनाशी धरावा.

‘बाध्’वरून संस्कृत पाठशाळांतून सांगितली जाणारी एक गोष्ट येथे आठवते. पालखी वाहणाऱ्याला राजाने विचारले की दांड्याने तुझा खांदा दुखतो काय. विचारताना त्याने ‘बाधते’ऐवजी ‘बाधति’ असे अशुद्ध रूप वापरले. भोई विद्वान निघाला. तो म्हणाला, ‘न तथा बाधते स्कन्धो यथा बाधति बाधते’: खांदा तितका दुखत नाही, जितके हे ‘बाधति’ दुखते. शरीराला दुखणे आणि कानाला खुपणे या दोहोंसाठी एकच क्रियापद वापरून त्याने राजाला हे ऐकवले.

‘लेत्सन’च्या आधी जो ‘फेअर’ लागला आहे, तो जर्मनमधला फार कामसू उपसर्ग आहे. त्यात निदान तीन जुने उपसर्ग एकमेकांत मिसळून गेलेले आहेत आणि त्यांचे नाते आपल्या ‘प्र’, ‘परि’ आणि ‘पुरा’ यांच्याशी लागते. क्रिया पार टोकाला नेणे, वाया घालवणे किंवा चुकीच्या दिशेने नेणे अशा छटा तो देतो. ‘ब्रेनन’ म्हणजे जळणे आणि ‘फेअरब्रेनन’ म्हणजे जळून खाक होणे. ‘ब्ल्यूअन’ म्हणजे फुलणे आणि ‘फेअरब्ल्यूअन’ म्हणजे फुलून कोमेजणे. ‘लेत्सन’मधल्या अपायाच्या बाजूला या उपसर्गाने जोर दिला आणि अडवण्याची बाजू मागे पडत गेली. आज कोणत्याही जर्मन माणसाला ‘फेअरलेत्सन’ उच्चारताना अडथळ्याची आठवण होत नाही, हेही लक्षात ठेवावे. व्युत्पत्ती शब्दाचा भूतकाळ सांगते, त्याच्या आजच्या वापरावर तिचा हुकूम चालत नाही.

उपसर्गाविना राहिलेला ‘लेत्सन’ मात्र पार नाहीसा झालेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये मध्ययुगात खोऱ्यांच्या तोंडाशी शत्रूला अडवण्यासाठी ज्या भिंती आणि अडसर उभारले जात, त्यांना ‘लेत्सी’ म्हणत. झुरिक शहरातल्या प्रसिद्ध लेत्सिग्रुंट क्रीडांगणाच्या नावात ती ‘लेत्सी’ अजून उभी आहे. दुसरी आठवण याहून गमतीची आहे. ‘लेत्सन’ला ‘आवरते घेणे, निरोप घेणे’ असाही एक अर्थ होता आणि त्यावरून निरोपाला, निरोपाच्या जेवणाला ‘लेत्से’ म्हणत. ‘त्सू गूटर लेत्से’ म्हणजे चांगल्या निरोपादाखल. हा शब्द लोकांच्या विस्मरणात गेल्यावर त्यांना तो ‘लेत्स्ट’च असावा असे वाटू लागले, शेवटी एक ‘ट’ जोडला गेला आणि आज ‘त्सू गूटर लेत्स्ट’ हा वाक्प्रचार ‘सरतेशेवटी’ या अर्थाने सर्रास वापरला जातो. वर्गमित्राने केलेली गल्लत खुद्द जर्मनांनीही केलेली असल्यामुळे त्याने फारसे ओशाळण्याचे कारण नाही.

आता ‘मी मला जखमी केले’ या चमत्काराकडे वळू. ‘इश हाबे मिश फेअरलेत्स्ट’ या वाक्यात ‘मिश’ म्हणजे ‘मला’ हे कर्म आहे आणि ‘मी’ हा कर्ता. शब्दशः पाहिले तर कर्त्याने स्वतःलाच इजा केली असे दिसते. मराठीत ‘मी स्वतःला इजा करून घेतली’ म्हटले की ऐकणारा दचकतो, कारण त्यात हेतू दिसतो. आपली रीत वेगळी आहे. ‘मला लागले’, ‘त्याला खरचटले’, ‘तिला ठेच लागली’ या वाक्यांत माणूस कर्ता नसतोच. दुखापत बाहेरून येते आणि त्याला गाठते. जर्मन वाक्यात कर्ता असला तरी हेतू नसतो. जिन्यावरून पाय घसरून पडलेला माणूस ‘इश हाबे मिश फेअरलेत्स्ट’ म्हणतो, तेव्हा त्याचे मराठी ‘मला लागले’ एवढेच करावे. मुद्दाम केलेली इजा सांगायची असेल तर जर्मनमध्ये ‘झेल्ब्स्ट’, म्हणजे ‘स्वतः’, हा शब्द त्यात घालतात. रुग्णालयातील टिपणांत ‘झेल्ब्स्टफेअरलेत्सुंग’ असे दिसले, तर ते मानसोपचाराशी संबंधित गंभीर प्रकरण असू शकते. परिचारिकेने या एका शब्दाचा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा, कारण येथे चूक झाली तर ती केवळ व्याकरणाची राहणार नाही.

इजा कोठे झाली हे सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘इश हाबे मिश आम क्नी फेअरलेत्स्ट’, म्हणजे मला गुडघ्यापाशी लागले. येथे ‘मिश’ ही द्वितीया आहे. ‘इश हाबे मिअर डास क्नी फेअरलेत्स्ट’, म्हणजे माझ्या गुडघ्याला लागले. येथे गुडघा कर्म झाल्यामुळे माणूस चतुर्थीत, ‘मिअर’मध्ये, जातो. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांची सरमिसळ करू नये. भूतकाळी रूप ‘फेअरलेत्स्टे’ आणि धातुसाधित ‘फेअरलेत्स्ट’. ‘फेअर’ हा न सुटणारा उपसर्ग असल्याने ‘गे’ लागत नाही. उच्चारात आघात ‘लेत्स’वर येतो आणि त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चूल’मधला किंवा ‘चांगला’मधला दंततालव्य ‘च’. ज्या ध्वनीसाठी अनेक परदेशी विद्यार्थ्यांना जीभ वळवावी लागते, तो आपल्याला घरूनच मिळालेला आहे.

विद्यार्थ्यांची एक हमखास चूक येथे नोंदवतो. ‘माझे डोके दुखते’ यासाठी ते ‘माइन कोप्फ फेअरलेत्स्ट’ असे लिहितात. हे वाक्य चुकीचे आहे. त्यातून ‘माझे डोके (कोणाला तरी) जखमी करते’ असा विचित्र अर्थ निघतो. याचा दोष जर्मनचाही नाही आणि मराठीचाही नाही. तो मधल्या इंग्रजीचा आहे. इंग्रजी ‘हर्ट’ हे एकच क्रियापद दुखणे आणि दुखावणे ही दोन्ही कामे करते आणि विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो. मराठीने हा भेद पूर्वीच करून ठेवला आहे: अवयव दुखतो आणि माणूस दुखावतो. जर्मनमध्येही दुखण्याला ‘वेटून’ आहे. ‘माइन कोप्फ टूट वे’ किंवा ‘मिअर टूट डेअर कोप्फ वे’, म्हणजे माझे डोके दुखते. यातला ‘वे’ हा मूळचा विव्हळण्याचा उद्गार आहे, ‘टून’ म्हणजे करणे, आणि ज्याला दुखते तो चतुर्थीत असतो. आपल्या ‘मला दुखते’च्या हे किती जवळ आहे पाहा. रुग्णाच्या खाटेपाशी पहिला प्रश्न ‘वो टूट एस वे?’, म्हणजे ‘कोठे दुखते?’ हाच असतो. दुखण्यासाठी ‘वेटून’ आणि लागण्यासाठी ‘फेअरलेत्सन’ ही सांगड थेट मराठीवरून घातली, तर ही चूक होण्याचे कारण उरत नाही.

राहिला कायद्याचा अर्थ, आणि तेथे हा शब्द खरोखर मोठा होतो. जर्मन नागरी संहिता 1 जानेवारी 1900 रोजी अमलात आली. तिच्या 823व्या कलमात असे म्हटले आहे की, जो कोणी हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याचे जीवित, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता किंवा अन्य एखादा हक्क बेकायदा रीतीने ‘फेअरलेत्स्ट’, त्याने त्यातून उद्भवणारे नुकसान भरून दिले पाहिजे. सहा कर्मे आणि क्रियापद एकच. मराठीत हे वाक्य एका क्रियापदावर तोलून धरता येत नाही. जीविताची हानी होते, शरीराला दुखापत होते, स्वातंत्र्यावर घाला पडतो आणि हक्काचा भंग होतो. आपल्याकडे प्रत्येक नामाने आपापले क्रियापद राखून ठेवले आहे. त्यामुळे ‘क्योर्परफेअरलेत्सुंग’चे भाषांतर आपल्या दंडविधानाच्या परिभाषेतल्या ‘दुखापत’ या शब्दाने करावे, पण ‘फेअरट्राग्सफेअरलेत्सुंग’साठी ‘कराराची दुखापत’ न म्हणता ‘करारभंग’च म्हणावे. कन्येच्या वहीत तीन ठिकाणी तीन अर्थ दिसले, ते याचमुळे: जर्मनसाठी ती क्रिया एकच आहे आणि वाटण्या मराठीने केल्या आहेत.

1949 सालच्या जर्मन राज्यघटनेत या क्रियापदाचे नकारात्मक विशेषण वारंवार येते. व्यक्तीचे स्वातंत्र्य, पत्रांची गुप्तता आणि राहते घर ही सर्व ‘उनफेअरलेत्सलिश’ आहेत. ‘डी वोनुंग इस्ट उनफेअरलेत्सलिश’ हे तेराव्या अनुच्छेदाचे पहिले वाक्य. त्याचे ‘घर अनतिक्रमणीय आहे’ असे भाषांतर करता येईल, पण ते वाचताना दाताखाली खडा येतो. ‘घर अबाधित आहे’ हे अधिक नेटके. पहिल्याच अनुच्छेदात मानवी प्रतिष्ठेसाठी मात्र हा शब्द वापरलेला नाही. तिच्यासाठी ‘उनआनटास्टबार’, म्हणजे जिला स्पर्शही करता येत नाही अशी, हे विशेषण योजले आहे. इजेच्या कितीतरी आधीच, हात लावण्यापाशीच, तेथे रेषा ओढली आहे.

प्रश्न : ‘फेअरवुंडन’ आणि ‘क्रेंकन’ हीदेखील दुखावण्याची क्रियापदे आहेत. मग ‘फेअरलेत्सन’ केव्हा वापरावे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ‘फेअरवुंडन’ हे ‘वुंडे’ म्हणजे जखम या नामावरून आले आहे आणि ते मुख्यतः शस्त्राने, युद्धात झालेल्या जखमेसाठी वापरतात. रस्त्यावरील अपघाताच्या बातमीत ‘फेअरलेत्स्टे’ म्हणजे जखमी लोक असतात. रणांगणावरच्या बातमीत ‘फेअरवुंडेटे’ असतात. मराठीत ‘जखमी’ आणि ‘घायाळ’ यांच्यात साधारण असेच अंतर आहे. यंत्रांवर आणि बांधकामांच्या जागी जी ‘फेअरलेत्सुंग्सगेफार’ अशी पाटी दिसते, तिचा अर्थ ‘इजा होण्याचा धोका’.

‘क्रेंकन’ केवळ मनासाठी आहे. ‘क्रांक’ म्हणजे आजारी. पण त्याचा जुना अर्थ ‘अशक्त, दुबळा’ असा होता. ‘क्रेंकन’ म्हणजे एखाद्याला त्याच्याच नजरेत लहान करणे. म्हणून त्यात स्वाभिमानाला लागलेली ठेच असते. फ्रॉइडने 1917 साली मानवजातीच्या अहंकाराला विज्ञानाने दिलेल्या तीन धक्क्यांविषयी लिहिले: कोपर्निकसने पृथ्वीला विश्वाच्या केंद्रातून हलवले, डार्विनने माणसाला प्राण्यांच्या रांगेत बसवले आणि मनोविश्लेषणाने मन आपल्याच ताब्यात नसल्याचे दाखवले. या धक्क्यांसाठी त्याने निवडलेला शब्द ‘क्रेंकुंग’ हा आहे. ‘फेअरलेत्सन’मध्ये मन दुखावते, पण दुखावलेल्याचे माप कमी होत नाही. ‘डास हाट मिश फेअरलेत्स्ट’ हे वाक्य मोकळेपणाने, समोरासमोर बोलता येते. ‘क्रेंकन’ बहुधा आत ठेवून दिले जाते. तिसरे ‘बेलायडिगन’ म्हणजे अपमान करणे. त्याच्या धातुसाधितावरून, क्षुल्लक गोष्टीने नाक फुगवून बसणाऱ्याला जर्मन लोक ‘बेलायडिग्टे लेबरवुर्स्ट’, म्हणजे अपमानित झालेले काळजाचे सॉसेज, असे म्हणतात. यापुढे आपली ‘रुसूबाई’ फारच सौम्य वाटते.

प्रश्न : कोणी ‘डास हाट मिश फेअरलेत्स्ट’ म्हटले तर उत्तर काय द्यावे? ‘एस टूट मिअर वे’ म्हणजे ‘मला वाईट वाटते’ असे म्हटले तर चालेल काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. ‘एस टूट मिअर वे’ म्हणजे ‘मला दुखते’. दुखावलेल्या माणसाला ते ऐकवले, तर आपण त्याचे दुःख बाजूला सारून आपलेच सांगत आहोत असे त्याला वाटेल. त्या ठिकाणी ‘डास टूट मिअर लाइट’ म्हणावे. वाक्याची घडण तीच आहे, क्रियापदही तेच, केवळ ‘वे’च्या जागी ‘लाइट’ म्हणजे दुःख हा शब्द येतो आणि वाक्य क्षमायाचनेचे होते. गर्दीत चुकून कोणाच्या पायावर पाय पडला असेल तर एवढेही नको, ‘एंटशुल्डिगुंग’ पुरते.